खुंट्या बुडाल्या त्या दुपारी

मित्रांनो, मी एक जुना सागवानी कॅमेरा आहे. मुंबईच्या एका कारागिराने माझी पेटी घडवली आणि १९२९ साली शिरपूरच्या हिरालालभाऊंनी मला विकत आणले. देवळात येणाऱ्या यात्रेकरूंचे फोटो आम्ही काढायचो. "हुबेहूब उतरला!" असे कुणी म्हटले की मला फार बरे वाटे. पावसाळ्यात मात्र भाऊ मला कोरड्या कापडात गुंडाळून ठेवत.

एका श्रावणात, भाजीचा मळा करणाऱ्या पंचफुलाबाई चिंब भिजून दारात आल्या. त्यांच्या मळ्याशेजारी, नाल्याकाठी, नवी शाळा बांधायची होती. जागा आखायला चुना लावलेल्या उंच खुंट्याही ठोकल्या होत्या.

"भाऊ, तिथं दरसाल पानी चढते. शाळा बांधनाऱ्या सरकारी साहेबानं जागा उन्हाळ्यात पाह्यली. तो म्हनते, कोरडी तं आहे! आता पानी चढून राह्यलं. फोटो काढा."

"एवढ्या पावसात? कॅमेरा खराब होईन, बाई."

"अन् लेकरं वाहून गेले तं?"

भाऊंनी मला उचलले.

नाला गढूळ होऊन उसळत होता. निम्म्या खुंट्या पाण्यात होत्या. भाऊंनी मला तिपाईवर चढवले. बाईंनी वर घोंगडी धरली. फोटो ज्यांवर उतरतो अशा दोनच काचा घरात शिल्लक होत्या, त्या भाऊंनी बरोबर आणल्या होत्या. पहिली काच लावली, टोपण काढले आणि तेवढ्यात माझ्या भिंगावर वाफ धरली. मला सारे धुरकट दिसले. ती काच वाया गेली.

पाणी तिपाईला लागले. काठाची माती ढासळली आणि मी कलंडलो.

"भाऊ, निघा आता!"

"एक काच राह्यली, बाई. पाय घट्ट धरा!"

बाईंनी घोंगडी एका हाताने सावरली. गुडघाभर पाण्यात वाकून दुसऱ्या हाताने तिपाईचा पाय दाबून धरला. भाऊंनी सदऱ्याच्या आतल्या कोरड्या टोकाने भिंग पुसले. "एक... दोन... तीन." त्या तीन आकड्यांत मी श्वाससुद्धा घेतला नाही. टोपण बसले आणि आम्ही मागे पळालो. दोन खुंट्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या.

फोटोत पाणी धुक्यासारखे आले होते, पण बुडत्या खुंट्या स्पष्ट होत्या. बाईंनी तो साहेबांना दाखवला आणि त्यांनी जागा बदलली. शाळा उंच माळावर बांधली गेली. दोन वर्षांनी नाल्याला पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा मुले वर पाढे म्हणत होती.

त्या दिवशी घरी येताच भाऊ फोटो उमटवायला काच धुण्यासाठी धावले. मी ओल्या घोंगडीत गुंडाळलेलाच राहिलो, तिसऱ्या दिवसापर्यंत. भिंगामागच्या माझ्या घड्यांच्या चामडी भात्याला बुरशी लागली, लाकूड फुगले. भाऊ फार हळहळले, पण मी पुन्हा उभा राहिलो नाही. आता माळ्यावर पडून असतो.

मित्रांनो, आपल्या वस्तू पावसात न्यायला कचरू नका. त्या दुपारी गेलो याचे मला समाधानच आहे. फक्त घरी आलात की आधी त्यांना पुसून कोरडे करा.