शाडूची अतिप्राचीन शिळा

बाळकुमला आमच्या संकुलात भक्ती उदंड आहे. अडचण एवढीच, की गाड्या तिच्याहून उदंड आहेत. म्हणून विसर्जनाचा हौद काँक्रीटनं भरून तिथे पाहुण्यांच्या दोन गाड्यांची सोय करायचं कमिटीनं ठरवलं. तशी नोटीस लागली.

नोटीस वाचून रंगूबाई ऑफिसात आल्या. आमचे टॉवर जिथे उभे आहेत तिथे पूर्वी त्यांची मिठागरं होती. आता दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. सेक्रेटरी मितेश लगबगीनं उठला आणि पाया पडला. वाकणं त्याला फार सुरेख जमतं.

"माजी माती दे बाला."

"कसली माती, आजी?"

"अकरा वर्सां जाली. तुमीच बोललेले ना, घरचा गनपती हौदान सोडा, माती परत भेटंल? पयला गनपती माजे पोरानं, सहदेवनं सोडलेला. खाडीचा चिखल आनलेला, त्यान भाताचा तूस घातलेला, आनि हातान घडवलेला. त्याच वर्सी तो गेला. मना यंदा त्याच मातीचा गनपती करायचाय. पुढचे वर्सी माजे हात चालतील का नाय, कोनाला ठावं?"

मितेशनं जुनी फाइल काढली. माती परत देण्याचा ठराव खरंच होता, एकमतानं मंजूर. अंमलबजावणी कोणी करायची ते मात्र ठरावात नव्हतं, त्यामुळे ती कोणीच केली नव्हती.

शुक्रवारी हौदावरचे लोखंडी पत्रे उचलले आणि तळाशी पहार मारली. ठण्ण! पहारच मागे उडाली. मोठ्या कष्टानं एक कोपरा फोडला, तेव्हा आत पट्टेच पट्टे दिसले. करडा, त्यावर पांढरा, मग पिवळसर, पुन्हा पांढरा.

मितेश मोबाइलच्या उजेडात ओणवा झाला. "अरे, हा नॅचरल दगड आहे! आपल्या बाळकुममध्ये! लाखो वर्षांपूर्वीचा!"

शनिवारी रेलिंग आलं, रविवारी हार आला, सोमवारी पितळी बोर्ड आला : 'अतिप्राचीन शिळा. वय लाखो वर्षे. स्पर्श करू नये.' चौथ्या मजल्यावरच्या एका काकांची पाठदुखी नुसत्या दर्शनानं थांबली. आपल्याच हौदात आपणच बुडवलेलं आपल्याला ओळखू येऊ नये, हे भाग्य फक्त आम्हालाच लाभलं.

"आजी, आता ती माती राहिली नाही, हेरिटेज झालं," मितेश हात जोडून म्हणाला. "खणता येणार नाही."

"आनि माजा गनपती?"

"पेणहून मागवू ना! घरपोच."

रंगूबाई तशाच मागे फिरल्या.

शिळेच्या अनावरणाला कीर्तन हवंच. कोपरीच्या पंढरीबुवांना बोलावलं, आणि लेझर शोच्या आधीची वीस मिनिटं त्यांना उदार मनानं दिली. बुवांची तीस वर्षं कल्याणला माती तपासायच्या प्रयोगशाळेत गेली, हे कोणी विचारलं नाही. रंगूबाईंनी फाटकातच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. बुवा हौदाशी गेले, रेलिंगवरून वाकले, स्पर्श करू नये ते नखानं खरवडून पाहिलं आणि अगदी खालच्या थराचा अंगठ्याएवढा तुकडा उपरण्यात बांधला.

बुक्का लागला, पेटीनं सूर धरला. पूर्वरंगाच्या आरंभी बुवांनी तो तुकडा पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यात टाकला.

"श्रोतेहो, दगड कसा होतो? डोंगर झिजतो, नदी त्याची माती वाहून नेते. पाणी थांबलं की आधी जाड कण बसतात, मागून बारीक. माणसांसारखंच, वजनदार मंडळी आधी बैठक मारतात." झांज वाजली. "थरावर थर चढतो, वरचं ओझं खालच्याला दाबतं, पाण्यातला चुना कणाला कण चिकटवतो. अशी लाखो वर्षं गेली की दगड. तुम्ही मात्र अकरा वर्षांत उरकलंत! दरसाल शाडू विरघळवलात. डास होतात म्हणून वॉचमन चुना मारत राहिला. आणि विसर्जन सोडून बाकी वर्षभर वर पत्रे टाकून पाण्याचा टँकर उभा केलात. समुद्राला जमणार नाही ते कमिटीच्या दुर्लक्षानं करून दाखवलं!"

मंडळी हसली. मितेश घड्याळ पाहू लागला.

"तो कागदाएवढा पातळ थर पाहिलात? ते साल आठवतंय? तेव्हा बाप्पा घरच्या बादलीतच गेले होते. त्याच्याखाली चमकी दिसते, ते डीजेचं साल. आणि तळाचा करडा थर पहिल्या वर्षाचा. तेव्हा चुना सुचला नव्हता."

"बुवा, वीस मिनिटं झाली," मितेश पुटपुटला.

"लाखो वर्षं थांबलात, आणखी दहा मिनिटं थांबा की. उत्तररंग पेल्यात चाललाय."

सगळ्यांचे डोळे पेल्याकडे गेले. तुकड्याच्या कडा ढासळत होत्या. बुवांनी नामाचा गजर लावला, टाळ्यांनी मंडप भरला, आणि गजर संपेस्तोवर तुकडा बसकण मारून मोकळा झाला. तळाला मऊ करडा गाळ राहिला. पाण्यावर भाताचा तूस तरंगत आला, एक, दोन, मग चिमूटभर.

रंगूबाई उठून पुढे आल्या. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी आत पाहिलं.

"आला," एवढंच म्हणाल्या.

बुवांनी आपल्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. त्यानंतर लेझर शो लावायचं धैर्य कोणालाच झालं नाही, ही त्या शिळेची एकमेव खरी प्रचिती.

दुसऱ्या दिवशी पाठदुखीवाले काकाच छिन्नी घेऊन आले. तळाची पाच घमेली माती निघाली. भिजवून, मळून रंगूबाईंनी गणपती केला. हात कापत होते म्हणून सोंड जराशी वाकडी झाली. असा लोभस बाप्पा आमच्या संकुलात दुसरा नव्हता, आणि हे मितेशसुद्धा आरतीत मान्य करायचा.

गाड्यांचा बेत बारगळला, आणि उरलेली शिळा फोडून विसर्जनाला हौद साफ करून भरला होता. मूर्ती विरघळली, तशा रंगूबाई तिथेच पाटावर बसून राहिल्या. गाळ तळाशी बसल्यावर त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच घमेलं भरून वर काढलं.

मितेश धावला. "अहो आजी, राहू द्या! माती परत द्यायचा ठराव केलाय ना आम्ही, एकमतानं!"

"ऱ्हाउंदे बाला," रंगूबाई म्हणाल्या. "तुमचे ठरावाला लाखो वर्सां लागतान. माजेकडं येवडी नाय."