शिंपीणबाईंचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. भिंगं घासण्यात आयुष्य घालवलेल्या कारागिरांनी मला घडवलं आणि मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ येऊन बसलो. तिथे रक्त तपासणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वीस वर्षं त्यांच्या डोळ्याची आणि माझी गट्टी होती. पुढे पेशी मोजणारं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेलो.

तेव्हाच एक शिंपीणबाई दाखल झाल्या. सुई टोचल्याचं निमित्त, पण उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता. जंतूंवरचं नेमकं औषध सुरू होतं, तरी सहा दिवस ताप हटेना. हात काढावा लागेल, अशी भाषा सुरू झाली. त्यांची धाकटी बहीण धावत आमच्याकडे आली.

"ताई, औषध तरी बरोबर आहे ना? शिवणाचा हात आहे हो तिचा!"

यंत्र म्हणत होतं, रक्तात पांढऱ्या पेशी फारच कमी आहेत. एवढ्या संसर्गात त्या वाढायला हव्यात. यंत्रच चुकलं असेल, असं सर्वांना वाटलं.

"मी स्वतः बघते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला पुढे ओढलं. दोनदा मोजलं. यंत्र खरं बोलत होतं.

डॉक्टर लगेच आले. "औषध जंतूंना मारतंय, पण शरीराची फौजच अपुरी पडतेय."

"मग वाढवा ना फौज!" बहीण म्हणाली.

"वाढवू, पण बेताबेतानं. फौज बेभान झाली तर स्वतःचंच घर जाळते."

औषध तेच ठेवलं. जोडीला पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं सुरू केली. हात काढणं दोन दिवस लांबवलं. ताई रोज रक्त पाहत. दुसऱ्या दिवशी पेशी थोड्या वाढल्या, ताप उतरू लागला; हात काढायचं मागे पडलं. चौथ्या दिवशी जखमेतल्या पुवाची काच माझ्याखाली आली आणि मी थक्क झालो. पेशींची नुसती रीघ! प्रत्येकीच्या पोटात गिळलेले जंतू!

हात वाचला. घरी जाण्याआधी शिंपीणबाई आमच्याकडे आल्या. त्यांनी त्याच हातानं माझा स्क्रू फिरवला आणि डोळा लावला.

"या पेशी माझ्याच?"

"तुमच्याच," ताई म्हणाल्या.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "इतकी वर्षं राबतायत माझ्यासाठी, आणि मला पत्ताही नाही!"

मित्रांनो, तुमच्याही रक्तात हे शिपाई आहेत. जखम धुवा, वेळेवर दाखवा, दिलेलं औषध मधेच सोडू नका. पोटभर जेवा, पुरेसं झोपा. लढतील ते; तुम्ही फक्त त्यांना एकटं पाडू नका.