पाहुण्यांचा स्टोव्ह

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. पण मला पाहून कोणी जुना म्हणणार नाही. माझ्या टाकीवर चरा नाही, बर्नरवर काजळी नाही. असं का, तेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली त्या सुमारास सोनईच्या दानीएल मास्तरांनी मला नगरच्या बाजारातून आणलं. त्यांची बायको हन्ना चुलीच्या धुरानं सारखी खोकायची. तिला धुरापासून लांब ठेवा, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

ते पहिले महिने माझ्या आयुष्यातले चांगले. हन्ना पंप मारायची आणि माझी निळी ज्योत थेट पातेल्याच्या बुडाला भिडायची. चुलीची बरीचशी आच भांड्याच्या कडेनं निसटून जाते. मी तशी जाऊ देत नसे. भाकरी तेवढी चुलीवर, बाकी सगळं माझ्यावर. हन्नाचा खोकला उतरला. स्वयंपाक करताना ती उपासनेतली गीतं गुणगुणू लागली.

मग घासलेट रेशनवर आलं. मास्तर आणि त्यांच्या आई मरियाबाई विचार करू लागले, स्टोव्ह परवडतो का? घासलेट विकतचं, तेही मोजून मिळणारं. गोवऱ्या मात्र फुकटच्या. म्हैस दारातली आणि थापणारी हन्ना घरातली. मी फडताळात गेलो. पाहुणे आले तरच मला खाली काढायचं ठरलं.

शेजारच्या छबूबाईंनी मला तिथे पाहिलं. "मास्तरीनबाई, ह्याला निजवायला आनलाय व्हय?"

हन्ना हसली, आणि हसता हसता खोकली. गोवऱ्या फुकटच्या असताना घासलेट कशाला जाळायचं, असं मरियाबाईंनी समजावलं.

"फुकटच्या कशा?" छबूबाई म्हणाल्या. "ह्या पोरीचा खोकला कुठं मांडता?"

मरियाबाईंनी विषय बदलला.

दर शनिवारी हन्ना मला चिंचेनं आणि राखेनं घासायची. राख त्याच चुलीची. रेशनच्या घासलेटातून थोडं थोडं माझ्यासाठी एका बाटलीत बाजूला पडायचं, अडीनडीला असावं म्हणून.

पावसाळ्यात गोवऱ्या सादळल्या. घर धुरानं भरून जायचं. फुंकणी बाजूला ठेवून हन्ना भिंतीला टेकायची, श्वास जागेवर आला की पुन्हा फुंकायची. एकदाच तिनं विचारलं, "आत्याबाई, आजचं कालवण स्टोव्हवर करू का? दम लागतोय."

मरियाबाई वाईट नव्हत्या. "रविवारी चर्चचे पाळकसाहेब चहाला यायचेत," त्या म्हणाल्या. "तेवढं हू दे, मंग कर."

मास्तरांनीही मान हलवली. हन्नानं फुंकणी उचलली.

पाळकसाहेब रविवारच्या आधीच आले. हन्नाला माती देऊन मंडळी परतली, तेव्हा लांबून आलेल्यांना चहा द्यायला हवा म्हणून मरियाबाईंनी मला खाली काढलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. सगळ्यांचा चहा झाला, पातेलं उतरलं, तरी मला विझवायचं त्यांना सुचलं नाही. मी रिकामाच जळत राहिलो.

"लई हाय की गं घासलेट," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. शेजारी कोणी नव्हतं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं आमच्यासारख्यांनी सांगायचं असतं. मी सांगतो, वापरा. ज्याच्यासाठी आणली त्याच्यासाठी, आणि वेळेवर वापरा. आणि एकदा माझ्याकडे नीट पाहा. कुठे डागसुद्धा नाही. त्या घरात मला फार जपलं.