काठाकाठानं

आमच्या ह्यांचे दोन्ही गुडघे कॉलेजच्या पोहण्याच्या तलावानं खाल्ले, असं मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. डॉक्टर हसले. पोहण्याचा कोच म्हणजे सदा पाण्यात, त्याचे गुडघे कशाला झिजतील, असं वाटलं असणार त्यांना. त्यांना काय माहीत! आमचे हे नोकरीला लागल्यापासून पाण्यात कमी आणि काठावर जास्त. पोरं पोहायची आणि हे त्यांच्या बरोबरीनं काठाकाठानं चालायचे. ओल्या फरशीवर, रबरी चपला फटक फटक वाजवत. पोर निघालं की हे निघाले, पोर वळलं की हे वळले. हात वर केला की जोर वाढव, तळवा खाली दाबला की दम राख. श्वासासाठी पोरं मान वळवायची तीसुद्धा ह्यांच्याच बाजूला. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. बाकीचे कोच खुर्चीत बसून शिट्ट्या मारतात. "उंटावरून शेळ्या हाकतात लेकाचे," हे म्हणायचे.

एवढं जिवाचं रान करून मिळालं काय? डोंबल. सगळ्या कॉलेजांची मिळून जी मोठी स्पर्धा असते, तिथं ह्यांच्या एकाही पोराला आजवर पदक मिळालं नाही. घरच्या तलावात सुसाट जाणारी पोरं तिथं गेली की ढेपाळायची. दरवर्षी हे परत यायचे, बॅग कोपऱ्यात भिरकावायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, "पोरात दम नाही. कच खाल्ली." मग दोन-तीन दिवस घरात मोठ्यानं बोलायची सोय नसायची.

आमची लेकही त्यातलीच. ह्यांच्याच हाताखाली शिकली, ह्यांच्याच कॉलेजातून उतरली. तिच्यावर तर ह्यांचा जीव टांगलेला होता. मोठ्या स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली आणि त्यानंतर तिनं पाण्यात पाऊल घातलं नाही. ह्यांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला. पुढे लग्न झालं, परगावी गेली, आता तिची मुलगी शाळेत जाते; तरी बापलेकीची गाडी "जेवलात का" आणि "बरं आहे" याच्यापुढे सरकत नाही.

यंदा ह्यांचं शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात हे निवृत्त होणार, ही जागा पुन्हा भरणार नाही, असं कॉलेजनं आधीच सांगून टाकलेलं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि नेमकी यंदाच ह्यांना काडी मिळाली.

काडी म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. अंगानं काडी, म्हणून काडी. नावं ठेवण्यात आमच्या ह्यांचा हात कुणी धरणार नाही. निवड चाचणी आमच्याच तलावात झाली, तिथं तिनं लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळ्यांना असं मागे टाकलं, की ज्या प्राचार्यांनी कधी तलावाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते येऊन ह्यांच्या पाठीवर थाप मारून गेले. त्या दिवशी हे घरी आले, चहाचा कप हातात धरून बराच वेळ उभेच राहिले, आणि म्हणाले, "तू येतेस का गं ह्या वेळी? बघायला?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मला हसूही आलं आणि रडूही.

स्पर्धा लेकीच्याच गावात होती, म्हणून तिच्याकडे उतरलो. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "मला एकटीला त्या पायऱ्या चढवणार नाहीत." तेव्हा तोंड पाडून आली.

तिथला तलाव म्हणजे केवढा! आणि नियमही तसेच. काठाला दोर लावलेला, कोचनं खाली यायचंच नाही. हे दारावरच्या माणसाशी तावातावानं भांडले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काका, वर बसा. इथून सगळं नीट दिसतं." ह्यांना थोडंच नुसतं बघायचं होतं! चरफडत आमच्या शेजारी येऊन बसले. सकाळच्या फेरीत काडी कशीबशी पुढे सरकली. "दम राखून ठेवलाय गधडीनं," हे मांडीवर थाप मारत म्हणाले. मला खरं वाटलं. माझा ह्यांच्या बोलण्यावर विश्वास बसतोच, ही माझी जुनी खोड.

दुपारी अंतिम शर्यत. आठ मुली, आठ फेऱ्या. पहिली फेरी काडी सगळ्यांच्या बरोबरीनं गेली. वळून येताना लेकीनं माझं मनगट घट्ट पकडलं.

"आई, तिची मान बघ."

मला त्यातलं काय कळतंय? पण बघितलं. बाकीच्या मुलींची मान एका लयीत वळत होती. काडी एकदा इकडे वळायची, एकदा तिकडे, मध्येच डोकं सरळ वर काढायची. मग उगाच जोरात हात मारायची, मग एकदम मंद व्हायची.

"बाबांना शोधतेय ती," लेक म्हणाली.

मी ह्यांच्याकडे पाहिलं तर हे जागेवर नाहीत. दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून हे चालत होते. तिच्या बरोबरीनं. हात वर करून. लोकांच्या पायांत अडखळत, कुणाच्या पिशव्या तुडवत. ती वळली की हेही वळत होते. "अहो काका, खाली बसा ना!" कुणीतरी ओरडलं. दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला खालून काय दिसणार होतं? गर्दीतला एक हात.

काडी आठवी आली. आठ जणींत आठवी.

हे घामाघूम होऊन परत आले आणि धप्पकन बसले. मला पुढचं वाक्य माहीत होतं.

"कच खाल्ली. पोरीत दम नाही."

"बाबा, बास!" लेक इतक्या जोरात बोलली की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "दम नाही म्हणे! ती शोधत होती तुम्हाला. मीही शोधत होते. तुम्ही काठावर नसलात की किती जोरात जायचं, कुठे दम राखायचा, काही कळत नाही. आमचा वेग आम्हाला कधी कळलाच नाही, बाबा. तो तुमच्या पायांत होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. परत येताना, गाडीत. तुम्ही म्हणालात, कारणं सांगू नकोस."

ह्यांचे ओठ हलायला लागले. मी कान जवळ नेला. "जिराफ," हे पुटपुटत होते. "ढोल्या... तो चष्मेवाला... जुळ्यांतली मोठी..." एकेक टोपणनाव आठवत होते. सगळी ती तिथं जाऊन ढेपाळलेली पोरं. मग थांबले आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

मला लेकीचा संताप आला. ती खरं बोलली म्हणूनच आला. अगं, उन्हाळ्यात घरी बसणाऱ्या माणसाला हे आता कळून काय उपयोग? पोरांतच दम नाही या समजुतीवर त्यांनी सगळी नोकरी काढली, तेवढी तरी राहू द्यायची. पण तिचे डोळे भरून आलेले, तिला तरी काय बोलणार?

तेवढ्यात काडी वर आली. केस ओले, डोळे लाल, खांद्यावर टॉवेल.

"चुकलं सर माझं. उद्यापासून एक तास जास्त मारू. तुम्ही नुसते बरोबर चाला. पुढच्या वर्षी बघाच तुम्ही."

"पुढच्या वर्षी मी नाही, काडे."

"नोकरी नसली म्हणून काय झालं? नुसतं येऊन चालायचं, सर. काठावर."

"एकटीनं पोहून बघ," हे म्हणाले.

तिला ती थट्टा वाटली. हसली. मग ह्यांच्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं.

"एकटी कशी पोहू, सर? मला कळणार कसं?"

ह्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान फिरवली. हे कठड्याला धरून उठले, गुडघे दुखत होते तरी उठले, आणि काडीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला.

"मला नाही माहीत, बाळ," हे म्हणाले. "मला एवढंच शिकवता येत होतं."