गोऱ्या सरदाराची नववी फीत

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं भिंतींनी शिकवलं. तेव्हा सरळ सांगतो, वाकडं बोलणं मला जमत नाही.

आमच्या शेला शहरात सेवा करायला परदेशातून गोरे लोक येतात. तीन महिने राहतात, रडत रडत सगळ्यांच्या गळ्यात पडतात आणि जातात. माझा त्यांच्यावर राग नाही असं मी चारचौघांत म्हणतो. खोटं बोलतो. आमच्या वस्तीत वीस गवंडी काम नाही म्हणून घरी बसलेले, आणि वाचनालयाची भिंत बांधायला कोण येतं, तर ज्यांनी जन्मात थापी हातात धरलेली नाही ते. सकाळी आठला ते ब्लॉक रचायला लागतात. चारला त्यांची गाडी येते. सव्वाचारला मी येतो, दिवसभराची भिंत उतरवतो आणि अंधार पडायच्या आत तीच भिंत ओळंब्यात पुन्हा उभी करतो. त्यांना आणणाऱ्या संस्थेचा रॉनी मला मजुरी देतो ती ह्याचीच. त्याची अट एकच. "आबेलिनो, त्यांना कळता कामा नये. बिचारे मनापासून करतात."

सकाळी ते येतात, भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, काल काय सरळ बांधली आपण. मग भिंतीसोबत फोटो. मी बाजूला वाळू चाळत उभा असतो. मला विचारलं तर मीही म्हणतो, वा, काय सरळ.

त्यातलीच एक, फेमके, हॉलंडची, आमच्याच घरी राहायला होती. संस्था पाहुण्यांना वस्तीतल्या घरांत ठेवते. माझ्या बायकोने, रुफिनाने, आपला माग कोपऱ्यात सरकवून तिला खोली करून दिली. मुलगी सहा फूट दोन इंच. आमच्या स्वयंपाकघराची चौकट मी माझ्या मापाने बांधलेली, त्यामुळे तिचं कपाळ रोज दोनदा चौकटीला लागायचं आणि रोज दोनदा ती चौकटीची माफी मागायची. चारच्या गाडीने ती दमून घरी यायची, तेव्हा मी निघत असायचो.

"मिस्त्री, आत्ता कुठे निघालात?"

"कामावर."

"किती राबता हो तुम्ही."

"हो ना," मी म्हणायचो, आणि तिची भिंत पाडायला जायचो.

हे तीन महिने चाललं. मग डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी ती आपली पाण्याची बाटली विसरली आणि परत आली. मी परांचीवर होतो, हातात हातोडा, तिच्या ओळीतले सहा ब्लॉक उतरवून झाले होते.

"मिस्त्री, ती माझी ओळ आहे."

मी गर्रकन वळलो. माझ्याबरोबर फळीही वळली. खाली पडलो तो थेट घोट्यावर, आणि घोट्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

गाडी मिळेना. फेमकेने मला पाठुंगळीला घेतलं आणि भर बाजारातून दवाखान्यात नेलं. बटाटेवाल्या, कोंबडीवाल्या, सगळ्या उठून उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षांत माझं इतकं नाव शहरात झालं नव्हतं. डॉक्टरने गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि म्हणाला, दीड महिना पाय टेकायचा नाही. मी विचारलं, गुरुवारी नाचायचं आहे, त्याचं काय? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी डोक्यावरच पडलो होतो.

आठ तारखेला आमच्या वस्तीत सोंगांचा नाच असतो. सकाळी दहापासून पाचपर्यंत, मुखवटा लावून, मारिंबाच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या, तालावर, सगळ्या गल्ल्यांतून. माझी नोएमी दोन महिन्यांची असताना तिची छाती भरली होती. दवाखान्याच्या पायरीवर मी मरियामातेला बोललो, पोरगी वाचू दे, सलग नऊ वर्षं नाचेन. आठ झाली. दरवर्षी नाच संपला की नाचाचा कारभार बघणारी आमची ओदिलियाबाई स्वतःच्या हाताने सोंगाच्या झग्यावर एक फीत शिवते. आणि एक वर्ष जरी चुकलं तरी तीच बाई कात्री काढते आणि सगळ्यांसमोर सगळ्या फिती उसवते. पुन्हा एकापासून. आमच्यातल्याच त्रांकिलिनोला कावीळ झाली तेव्हा त्याच्या सहा उसवल्या. म्हणाली, "नवस बोलताना काविळीचं काही म्हणाला नव्हतास."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाय उशीवर ठेवून बसलो होतो. फेमके समोर. डोळे लाल.

"रोज?" तिने विचारलं.

"रविवार सोडून."

"म्हणजे सगळी भिंत तुमची?"

"भिंतीच्या पायातला एक ब्लॉक तुझा आहे."

"तो का ठेवलात?"

"राहून गेला."

रुफिनाने मला डोळ्यांनी दटावलं. मला कुठे थांबायचं होतं. "रॉनी म्हणाला तुम्हाला वाईट वाटेल. आता वाटलं ना? मग माझा घोटा कशाला मोडायचा होता?"

फेमके रडायची थांबली. रागावली. रागावल्यावर मला ती पहिल्यांदा बरी वाटली. "तीन महिने तुम्ही सगळे मला बघून हसत होतात?"

"हसत नव्हतो," रुफिना म्हणाली. "दमत होतो. हा रोज उशिरा जेवायचा." मग तिने फेमकेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वर बघायला तिला जरा मागे सरकावं लागलं. "तुला नाचता येतं का गं?"

"नाही."

"ह्यालाही येत नाही. आठ वर्षं नाचतोय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "हे बघ फेमके. तीन महिने मी तुझ्या नावाने भिंत बांधली. एक दिवस तू माझ्या नावाने नाच. फिटंफाट."

माझं सोंग गोऱ्या सरदाराचं. घोड्यावरून आला आणि आमच्या पूर्वजांना कापून गेला तो. लाकडी मुखवटा, गुलाबी गाल, निळे डोळे, पिवळ्या कुरळ्या केसांचा टोप. आठ वर्षं मी काळा माणूस गोऱ्याचं सोंग घेऊन नाचलो, आणि नवव्या वर्षी आत गोरीच घालायची होती. झगा तिला गुडघ्यापर्यंत आला. विजार त्याच्याही जरा वरच संपली. मुखवट्याची गरजच काय, असं रुफिना म्हणाली आणि हसता हसता चुलीपाशीच बसली.

माझी जोडी कास्तुलो बेकरीवाल्याशी असते. तो नवरी होतो. पाच फूट, गोल, पांढरा झगा, मिशा मुखवट्यातून खाली डोकावतात. त्याला सांगावंच लागलं. तो आला, फेमकेला पाहिलं.

"हिच्याबरोबर? माझं नाक हिच्या पोटाला लागेल, आबेलिनो."

"नवरी आहेस. मान खाली घाल आणि चाल."

दोन दिवस अंगणात सराव. रुफिना टाळ्या वाजवून ताल देत होती. फेमके तोंडाने आकडे मोजायची, तिच्या भाषेत, आणि चुकली की पहिल्यापासून. कास्तुलोच्या पायाच्या दोन नखांचा रंग बदलला. बेत असा ठरला: शेवटच्या फेरीआधी सगळी सोंगं कास्तुलोच्या बेकरीत शटर ओढून चॉकलेट पितात. तिथे भट्टीमागे बदलाबदल करायची. मग चर्चसमोर मुखवटे उतरतात तेव्हा झग्यात मी.

गुरुवारी पहाटे कास्तुलोने मला पावाच्या गाडीवर फडक्याखाली झाकून बेकरीत नेलं. दिवसभर मी पिठाच्या पोत्यावर, शटरच्या फटीला डोळा लावून.

दहाला मारिंबा सुरू झाला. सोंगं आली. तीस डोकी एका उंचीची आणि मधोमध एक डोकं त्यांच्या कितीतरी वर, पिवळे कुरळे केस उडवत. वस्तीने रस्त्यावर आडव्या बांधलेल्या रंगीत पताका आपल्या माणसांच्या मापाच्या. गोरा सरदार पहिल्याच माळेत गळ्यापर्यंत अडकला, आणि थांबायचं सोडून माळेसकट पुढे गेला. दुसरी माळही घेतली. तिसऱ्या वळणावर त्याच्या गळ्यात अख्खी गल्ली होती. पोरं मागे धावत होती. मारिंबावाल्यांनी ताल वाढवला. सरदाराने नवरीला काखेत उचललं, गरगर फिरवलं आणि उलट्या दिशेला तोंड करून ठेवलं. कास्तुलो तसाच पन्नास पावलं उलटा नाचला.

शटरबाहेर दोन बाया उभ्या होत्या, पानात उकडलेले बटाट्याचे वाफाळते पाचे खात.

"आबेलिनो यंदा उंच झालाय का गं?"

"नवे बूट असतील."

"पोटऱ्या दिसतायत अख्ख्या."

"मग बूट मोठे असतील."

"अगं पण सोमवारी त्याचा पाय मोडला ना? त्या गोरीने पाठीवर टाकून नेला. मी बटाटे घेत होते."

"खा गुपचूप. मुखवटा आहे तोंडावर."

हा आमचा नियम. मुखवटा उतरत नाही तोवर आत कोण ते ओळखायचं नाही, ओळखलं तरी नाव घ्यायचं नाही. चारशे माणसांनी ओळखलं होतं. आणि चारशे माणसं तोंडात बटाटा धरून गप्प होती. मी पोत्यावर लोळून हसलो, प्लॅस्टरसकट. पीठ नाकात गेलं, शिंका आल्या, त्या मारिंबात बुडाल्या.

सरदार तीनदा गेला. दर वेळी ताल जरा जास्त सापडत होता. तिसऱ्या वेळी तर त्या पोरीचे पाय मोजणं विसरले होते. ते मी पाहिलं. मला तिथे पोचायला चार वर्षं लागली होती.

साडेचारला सोंगं आत आली, शटर पडलं. फेमकेने भट्टीमागे मुखवटा काढला. खालचा चेहरा मुखवट्यापेक्षा गुलाबी. टाचांतून रक्त येत होतं आणि ती हसत होती.

"मिस्त्री, आणखी एक फेरी करू द्या ना."

"काढ झगा."

सोंग चढवून मी कास्तुलोच्या खांद्यावर रेलत बाहेर आलो. विजारीचा एक पाय प्लॅस्टरसाठी फाडलेला. गर्दीने वाट दिली. चर्चसमोर एकेक सोंग मुखवटा उतरवतं आणि लोक ओरडून त्याचं नाव घेतात. कास्तुलोचं झालं. मग मी उतरवला.

सरदार अर्ध्या तासात दीड वीत आखूड झाला होता आणि त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. मग चारशे तोंडं एका सुरात म्हणाली, "आबेलिनो!"

"काय नाचलास रे," मागून कोणीतरी म्हणालं. "वा."

तो सूर मी ओळखला. रोज सकाळी वाळू चाळताना माझ्याच तोंडातून निघायचा तो. वा, काय सरळ. बिचारा मनापासून करतो, त्याला कळता कामा नये. ओदिलियाबाई हातात नववी फीत घेऊन समोर येत होती आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"गप्प बसा रे सगळे," मी ओरडलो. "मला काय गोरा समजलात? दिवसभर पिठाच्या पोत्यावर बसलो होतो. ती नाचली. तुम्हाला माहीत आहे ती नाचली."

ओदिलियाबाई माझ्यापाशी येऊन थांबली. वय ऐंशी, एका डोळ्याने दिसत नाही.

"मला काय सांगतोस? तिने तोडलेली माळ माझ्या डोक्यावर पडली," ती म्हणाली. "तू गप्प राहिला असतास तर मी शिवली असती. मुखवट्याच्या आतलं मी विचारत नाही. पण आता तू बोललास."

तिने कात्री काढली. एक एक करून आठही फिती उसवल्या. घाई नाही, टाका टाका सोडवत. रुफिनाने नोएमीला जवळ ओढलं. मी दात आवळून आकाशाकडे बघत होतो.

"मरियामातेला काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, पोरगी ठणठणीत आहे आणि तू एकावर आलास. तिला कसली घाई." मग मान वळवून, "ती लांबलचक कुठे आहे?"

फेमके शटरखालून निघाली. कपाळ लागलं. शटरची माफी मागितली. ओदिलियाबाईपुढे ती गुडघ्यावर बसली तेव्हा कुठे दोघींची डोकी समोरासमोर आली. म्हातारीने नववी फीत तिच्या सदऱ्याच्या खांद्यावर शिवायला घेतली.

"पहिली," ती दोरा तोडत म्हणाली. "आठ राहिल्या."

फेमकेने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, शनिवारी माझं विमान आहे."

"जा की. पुढच्या वर्षी आठ तारखेला, सकाळी नऊला इथे. विमान कधी येतं ते तुझं तू बघ. नाही आलीस तर कात्री माझ्याकडेच आहे."

चर्चसमोरचा चौक हशाने फुटला. टोप्या उडाल्या. आम्ही इतक्या गोऱ्यांना निरोप दिला, सगळ्यांना म्हणालो पुन्हा या, आणि पाठ वळली की चादरी धुवायला टाकल्या. यायलाच लागेल, असं कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. फेमके एकदम हसत सुटली, हसता हसता तिला उचकी लागली, आणि कास्तुलोने नवरीच्या झग्यात तिला पाणी पाजलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही भिंतीवर गेलो. मी पालथ्या बादलीवर, हातात ओळंबा. ती थापी घेऊन.

"वाकडी," मी म्हणालो.

"किती?"

"दोन बोटं. पाड."

तिने पाडली. पुन्हा रचली. "आता?"

"एक बोट. पाड."

"तीन महिने तर वा म्हणत होतात."

"तेव्हा मी नोकरीवर होतो."

चार वाजता गाडी आली आणि तिच्याशिवाय गेली. साडेपाचला एक ओळ उभी राहिली, अकरा ब्लॉक. ओळंबा लावला. दोरी हलली नाही. मी परत एकदा लावून पाहिला. रॉनी आला, म्हणाला, "वा, काय सरळ."

"रॉनी, गप्प बस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी सुचली नव्हती. आमच्या नाचात मुखवटे उतरले की कमी फितीवाल्याने जास्त फितीवाल्याचा मुखवटा हातात घेऊन त्याच्यामागे चालायचं असतं. पुढच्या वर्षी तिच्या दोन होणार, माझी एक. फेमकेला हे रुफिनाने सांगितलं, शनिवारी पहाटे, बस सुटता सुटता. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ती अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असं ओरडली, "मिस्त्री, माझा मुखवटा पाडू नका हं."

चौकट मी आता उंच करायला घेतली आहे. बादलीवर बसून जेवढी होते तेवढी.