थैलीतला कांदा

माझं नाव डिंपल. गालावर खळी नाही आणि बोलण्यात गोडवा नाही, पण नाव ठेवताना हे मामाला कोण सांगणार? दोन हजार पाच साली मी जंगलखात्याच्या एका आडबाजूच्या ऑफिसात क्लार्क होते. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली तिथे मी एकटीच. त्यामुळे बटण असलेली प्रत्येक वस्तू माझ्या टेबलावर यायची. एकदा तर साहेबांच्या घरचा मिक्सरही आला होता.

त्या वर्षी मेच्या सुरुवातीला हातात धरायचे तीन कॉम्प्युटर आले. एक पिवळा, एक काळा, एक करडा. आमची माणसं त्यांना सरळ मशीनच म्हणायची. जंगलात फिरणाऱ्यांनी आता वहीऐवजी मशीनमध्ये नोंदी करायच्या होत्या, पाणवठ्यावर कोणतं जनावर आलं, झाड कुठे तोडलं, असं सगळं. तिन्हींतली एक निवडून तशा चाळीस मागवायच्या होत्या.

कंपन्यांची माणसं टाय लावून आली. एकाने आपली मशीन टेबलावरून खाली टाकली, दुसऱ्याने आपल्या मशीनवर ग्लासभर पाणी ओतलं. मशिनी चालूच. साहेबांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या. खोलीत दोन कूलर घरघरत होते.

मी कोपऱ्यातून म्हणाले, "सर, टेबलावरून पडायला ही जंगलात चालली नाही. उन्हाचं काय?"

साठ अंशांपर्यंत चालते, असं त्यांच्या कागदावर छापलेलं होतं. छापायला काय जातं! आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीत सत्तेचाळीस होतं आणि उन्हात ठेवलेल्या सायकलच्या सीटवर बसवत नाही.

"मग कसं तपासायचं ते तूच ठरव," साहेब म्हणाले.

मी ठरवलं. तीन मशिनी, तीन माणसं, आठ दिवस. रोज बारा ते तीन, भर उन्हात चालायचं. मशीन दर पाव तासाला आपल्या आतलं तापमान आपणच टिपून ठेवायची, ते आकडे शेवटी काढायचे. तो आदेश मीच टाइप केला, साहेबांनी फक्त सही केली. हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा सांगायला मला फार दिवस लागले.

करडी मशीन गोविंदाभाऊंकडे गेली. ते आमचे वनमजूर, पंचावन्नच्या आसपासचे, तेवीस वर्षं त्याच जंगलात पायी फिरलेले. पावसाळ्यात गावच्या तलावात जाळं टाकायचे, उन्हाळ्यात पाणवठे सांभाळायचे. दारूला कधी शिवले नाहीत. मोहाच्या दिवसांत बाकीचे डोलत असताना हे चहा मागायचे, त्यावरून सगळे त्यांची थट्टा करत. मशीन त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी.

"डिंपलबाई, हे बंद पडली तं?"

माझी जीभ कुठे गप्प बसते! मी म्हणाले, "बंद पडली तर तुम्ही नापास, गोविंदाभाऊ. परीक्षा तुमचीच आहे."

सगळे हसले. ते हसले नाहीत. मशीन थैलीत घालत म्हणाले, "शाळेत मी चौथीत नापास झालतो, बाई. या खेपेस नाई होनार."

काळी मशीन दुसऱ्या दिवशीच दुपारी बंद पडली. पिवळी चौथ्या दिवशी. करडी चालतच राहिली. संध्याकाळी गोविंदाभाऊ ऑफिसात येऊन ती माझ्या टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "पास काय?" मी म्हणायचे, "आजच्यापुरते पास." तेव्हा मात्र हसायचे. त्यांचे ओठ फुटलेले असायचे आणि डोळे लाल. उन्हाळाच आहे, असं म्हणून मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनराज वनरक्षकाला ते सापडले. तिसऱ्या पाणवठ्याजवळ, झाडाला टेकून बसल्यासारखे. पाणवठा म्हणजे सिमेंटचं टाकं. दोन दिवस टँकर आला नव्हता, त्यामुळे टाकं कोरडं होतं. एका रात्रीत आणि त्या गर्मीत देहाचं काय व्हायचं ते झालं होतं. मृत्यूचं निश्चित कारण सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

मी त्या दिवशी खूप रडले. मग डोळे पुसून टेबलावरचं काम हातात घेतलं, कारण मला दुसरं काही करता येत नाही. धनराजने मशीनची थैली आणून दिली होती. उघडली तर मशीनशेजारी एक कांदा, सुकून टरफल सुटलेला. सगळ्या थैलीला वास. कंपनीला परत द्यायची वस्तू आणि तिची ही दशा! मी चरफडत कांदा खिडकीबाहेर फेकला, थैली साबणाने धुऊन वाळत घातली. आमच्याकडे उन्हात निघालेला माणूस खिशात कांदा ठेवतो, त्याने लू लागत नाही म्हणतात. मग हा थैलीत कसा, असा प्रश्न मला पडला नाही.

आकडे काढले. शेवटच्या दिवशी पावणेतीनला बॅटरी संपेपर्यंत करडी मशीन चालू होती. आठही दिवसांत आतलं तापमान अडतीसच्या वर गेलंच नव्हतं. मी अहवालात लिहिलं, 'करडी मशीन सर्वांत योग्य.' चाळीस मशिनींची मागणी त्याच आठवड्यात गेली.

आणि त्याच आकड्यांवरून साहेबांनी गोविंदाभाऊंच्या फाइलवर शेरा मारला. मशीनमधील नोंदीनुसार त्या दिवशी तापमान अडतीसपेक्षा जास्त नव्हते, सबब मृत्यू उन्हामुळे झाल्याचे दिसत नाही, मद्यप्राशनाची शक्यता नाकारता येत नाही.

"सर, ते पीत नव्हते," मी म्हणाले.

"मग काय लिहू? उन्हानं गेले म्हटलं तर विचारतील, भर दुपारी पाठवलं कोणी."

मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हायसंच वाटलं. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

तेराव्यानंतर इंदिराबाई ऑफिसात आल्या, गोविंदाभाऊंच्या बायको. लहानशी, काटक बाई. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, त्याईनं दारू पेली असं लिवलं म्हन्ते कागदात. गावात सारे बोलून राह्यले. मशीननं सांगतलं म्हन्ते. मशीन कशी सांगन वो?"

मी आकड्यांचं काहीतरी सांगू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मले ते नाई समजत. मले एकच सांगा. थैलीत कांदा होता काय?"

मी विचारलं, "का हो, बाई?"

"मी रोज एक कांदा देत होती खिशात ठेवाले. मशीन भेटली त्या दिवशी म्हन्ते, दोन दे. मी म्हटलं, दोन काऊन? तं म्हन्ते, एक माह्या, एक मशीनचा. तिलेई ऊन लागते, बंद पडली तं मी नापास. मी लय हासली. पन देल्ले, रोज दोन देल्ले. शेवटच्या दिवशी घरात एकच होता. गोंडपिपरीच्या बाजारात जानं झालं नव्हतं. मी म्हटलं, आज तुमी ठेवा, मशीनले राहू द्या. ते हाव म्हनले. मंग तो कांदा खिशात होता का थैलीत होता, तेवढं सांगा मले."

खोटं बोलायची संधी होती. खिशात होता म्हटलं असतं तर त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं असतं.

"थैलीत होता," मी म्हणाले. "मी फेकून दिला."

इंदिराबाईंनी टेबलाची कडा सोडली आणि खाली जमिनीवर बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "मंग मशीनलेच देल्ला त्याईनं." त्या ओरडल्या असत्या, मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या उठल्या, पदर नीट केला आणि बसच्या वेळेला निघून गेल्या. जाताना दारातून एवढंच म्हणाल्या, "ते दारू पेत नव्हते, मॅडम."

मी धनराजला बोलावलं. त्या सकाळी काय काय पाहिलंस, सगळं सांग म्हटलं.

"भाऊचा दुपट्टा डोक्याले नव्हता," तो म्हणाला. "मशीनच्या थैलीले गुंडाळून होता, चांगल्या तीन-चार घड्या करून. सुकला होता. मी सोडला अन् भाऊच्या तोंडावर टाकला. पान्याच्या दोनी बाटल्या रिकाम्या होत्या. रोजच दुपट्टा भिजवत होते ते पानवठ्यावर. मले वाटे, डोक्याले बांधासाठी असन."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मले कोनी विचारलंच नाई, मॅडम."

त्याच्यावर खेकसायचा मला काय अधिकार होता? मीही विचारलं नव्हतं. आता सगळं उघड झालं होतं. रोज पाणवठ्यावर दुपट्टा भिजवायचा आणि मशीनला गुंडाळायचा. ओल्या कापडाने माठ गार राहतो, तशी मशीन गार राहिली. शेवटच्या दिवशी टाकं कोरडं, म्हणून त्यांनी प्यायचं पाणी दुपट्ट्यावर ओतलं. आणि जी मशीन त्यांनी अडतीसवर ठेवली, तिचाच आकडा दाखवून आम्ही म्हणालो, ऊन कुठे होतं? पिऊन पडला असेल.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तीच करडी मशीन घेऊन मी आणि धनराज त्याच वाटेने निघालो. कापड नाही, कांदा नाही, मशीन नुसती थैलीत. बारा चाळीसला आतलं तापमान बावन्न झालं आणि पडदा काळा पडला. पुन्हा सुरू केली, पुन्हा गेली. दुसरा पाणवठादेखील अजून आला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका झाडाखाली बसून भडाभडा ओकले. धनराजने बाटली पुढे केली, मी ती एका दमात संपवली. तेव्हा कळलं की त्या घडीला हातातलं पाणी दुसऱ्या कशावर ओतायला काय लागतं. त्यांना ते ओतायला मी लावलं होतं, दोन शब्दांच्या थट्टेने. मी तिथेच धनराजसमोर मोठमोठ्याने रडले.

ऑफिसात येऊन मी दुसरा अहवाल लिहिला. पहिला अहवाल चुकीचा आहे, करडी मशीन भर उन्हात चाळीस मिनिटांत बंद पडते. आठ दिवस ती चालली ती गोविंदाभाऊंच्या ओल्या दुपट्ट्यामुळे. धनराजचा जबाब जोडला. कांदा मी फेकला, थैली मी धुतली, हेही लिहिलं. बारा ते तीनची वेळ मी ठरवली, बंद पडली तर तुम्ही नापास असं मी म्हणाले, तेही लिहिलं.

साहेबांनी दोनदा वाचला. "हे शेवटचं लिहायलाच हवं का? मेमो येईल तुला."

"येऊ दे."

ते कूलरकडे बघत म्हणाले, "त्या आदेशावर सही माझी आहे." फाइल ओढली, आपला शेरा खोडला आणि खाली नवीन लिहिला. मशिनींची मागणी मात्र गेली ती गेलीच. चाळीसच्या चाळीस करड्याच येणार होत्या.

मेमो आला. तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि नव्या शेऱ्याची नक्कल घेऊन मी इंदिराबाईंच्या गावी गेले. जूनचा पहिला आठवडा होता, ऊन जराही उतरलं नव्हतं. इंदिराबाई अंगणात मांडवाखाली जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या, गोविंदाभाऊंचं जाळं. मी कागद वाचून दाखवला. 'गोविंदा हे कामावर असताना उन्हाच्या तडाख्याने मरण पावले. ते मद्यप्राशन करीत नसत. ताब्यात दिलेली वस्तू सुस्थितीत राखताना त्यांनी स्वतःजवळचे पाणी वापरले.'

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. मग त्यांनी शेजारच्या बुधूला हाक मारून कुंपणापाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "आता याच्यासमोर वाचा. दारूचं वाक्य मोठ्यानं."

मी मोठ्याने वाचलं. बुधू मान खाली घालून ऐकत उभा राहिला. इंदिराबाईंनी कागदाची घडी करून ती कमरेला खोचली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. मी त्यांच्याजवळ बसले. माफी मागायची म्हणून ठरवून गेले होते, पण ऐन वेळी एकच वाक्य आलं, "बाई, ते पास होते. आठही दिवस."

त्यांनी मान हलवली.

दोन वाजता एसटी होती. मी निघाले तशा त्या घरात गेल्या आणि मुठीत काहीतरी घेऊन आल्या. माझा हात ओढून त्यात ठेवलं. लहानसा, लाल कांदा होता.

"उन्हाची चालली तू," त्या म्हणाल्या. "मशीनले नको देजो, पोरी. तुह्याजवळ ठेवजो."

मी तो ओढणीच्या टोकाला बांधला आणि स्टॅंडपर्यंत मुठीत धरून चालत गेले.