लौरीने नाकारलेला घास

आमच्या खोऱ्यात माणूस गेला की पाद्र्याच्या आधी लौरीला निरोप जायचा. मेलेल्याच्या छातीवर पाव ठेवायचा, प्रेतावरून बिअरचा लाकडी वाडगा तिच्या हातात द्यायचा. तिने ते खाल्लं-प्यालं की त्याची पापं तिच्या अंगावर. मग तिला दारात कोण उभं करणार? ती डोंगरावर मेंढरांच्या पडक्या कोंडवाड्यात एकटी राहायची, आणि ती वाटेत दिसली की बायका पोरांची तोंडं दुसरीकडे फिरवायच्या. पण लौरी मान खाली घालून चालणारी नव्हती. काम भुकेपायी धरलेलं, तरी ते आपल्यासारखं कुणाला जमत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रॉबर्ट गेला तेव्हा शवपेटी उचलणाऱ्यांत मी होतो, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

प्रॉबर्ट म्हणजे मोठं प्रस्थ. एका हिवाळ्यात त्याचा मेंढरांचा कळप नाहीसा झाला आणि त्याने भर बाजारात शेजारच्या हॉपकिनला चोर म्हटलं. पुरावा नव्हता, पण शब्द प्रॉबर्टचा होता. तेव्हापासून हॉपकिनची लोकर कोणी घेईना, चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना.

लौरी येऊन प्रेताशेजारी स्टुलावर बसली. प्रॉबर्टची बायको तेगवेन हिने पाव पुढे केला आणि खाली वाकून कुजबुजली. खोली लहान, दारातल्या आम्हाला सगळं ऐकू आलं.

"एवढं एक नीट चावून खा गं. ती मेंढरं चोरीला गेलीच नव्हती. बर्फ वितळल्यावर आमच्याच घळीत हाडं सापडली. ह्यांनी मला गप्प राहायची शपथ घातली होती."

लौरीने हातातला पाव परत प्रॉबर्टच्या छातीवर ठेवला.

तिला आणखी काही हवं असेल असं वाटून तेगवेनने मटणाची तंगडी देऊ केली. लौरीने मान हलवली.

"बाई, मी मेलेल्याचं खाते. हे अजून जिवंत आहे. हॉपकिन रोज गिळतोय ते. त्याच्या ताटातलं मी कसं उचलू?"

"मग मी काय करू?"

"तो बाहेर फाटकापाशी उभा आहे. जाऊन सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मुलगा ग्रिफ लालबुंद झाला. म्हणाला, "आई, आता कोंडवाड्यातल्या बाईने आपल्याला शिकवायचं का? बाबांना हिच्याशिवायच पुरू."

"पुरा की," लौरी उठत म्हणाली. "मी घरी जाऊन लापशी खाईन. फक्त रात्री अंगणात मेलेल्याची चाहूल लागली तर मला बोलवायला येऊ नका."

तेगवेनने तिला हाताने थांबवलं आणि स्वतः बाहेर गेली. शेजारधर्म म्हणून हॉपकिन आला होता, पण फाटकाच्या आत आला नव्हता. तेगवेन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. हाडांपासून शपथेपर्यंत तिने सगळं सांगितलं.

हॉपकिनने ऐकून घेतलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही.

"वहिनी, मला चोर म्हटलं ते बाजारात."

बाजाराच्या दिवशी तिथेही येऊन सांगेन, असं तेगवेन म्हणाली. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि घरी गेला.

मग लौरीने पाव शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, वाडगा रिकामा केला आणि म्हणाली, "तुझं होतं ते माझ्या पोटात गेलं. आता निवांत पड." रीतीप्रमाणे आम्ही वाडगा जाळला. तिला निरोप द्यायला कोणी गेलं नाही.

तेगवेनने शब्द पाळला. चीजवाल्याच्या खोक्यावर चढून ती भर बाजारात बोलली. ग्रिफ कोकरं जन्मायच्या दिवसांपर्यंत आईशी बोलला नाही. तेव्हा मदतीला हात कमी पडले, मग बोलावंच लागलं. हॉपकिनची लोकर त्या उन्हाळ्यात विकली गेली. ज्यांनी सगळ्यांत जास्त नाकं मुरडली होती तेच आधी धावत आले, आणि त्याने त्यांनाच सगळ्यांत शेवटी माल दिला.

लौरीचं काम मात्र बदललं. लोक जिवंतपणीच तिला गाठू लागले. अंथरुणाला खिळलेल्या मादोक म्हाताऱ्याने तिला बोलावून विचारलं, माझ्यातलं काय काय तू खाणार नाहीस? तिने त्याचं सगळं ऐकलं आणि आधी अबोला धरलेल्या भावाशी बोलून ये म्हणाली. म्हातारा चिडला, शिव्या देत गाडीत बसला, भावाकडे गेला, तिथेच आठवडाभर जेवला आणि स्वतःच्या पायांनी परत आला. पुढे पुष्कळ जगला.

"असे सगळे बरे व्हायला लागले तर मी खाऊ काय?" लौरी म्हणायची. म्हणायची ती मादोकच्याच घरात, चुलीजवळ पाय शेकत.